लँगलीला उतरणारे विलक्स साहेब

विलक्स साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच्याच गुलाबाच्या वाफ्यात पालथे पडले होते. त्यांना तिथे पाडलं होतं माझ्या कुकरने.

मी तेव्हा लंडनजवळच्या स्लाऊला नवी होते. नवऱ्याच्या मागोमाग आलेली, तेवीस वर्षांची, आणि स्वतःला फार हुशार समजणारी. सामानात दोन लोकरी स्वेटर, एक पुरणयंत्र आणि सासूबाईंनी धाकाने कोंबलेला प्रेशर कुकर. त्या मुलीची मला आता दया येते, पण हसू जास्त येतं. पुण्याहून निघण्याआधी तिने वाचनालयातल्या झाडून सगळ्या रहस्यकथा वाचून काढल्या होत्या. इंग्लंड म्हणजे धुकं, घोडागाडी आणि दर दुसऱ्या घरात एक प्रेत, अशी तिची पक्की समजूत. मिळालं काय, तर एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग, प्रत्येकामागे रुमालाएवढी बाग, आणि वारा फिरला की ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यांकडून येणारा चॉकलेटचा वास.

तर त्या दिवशी मी डाळ-भाताचा कुकर लावला होता. उन्हाळा होता म्हणून मागचं दार उघडं. पहिली शिट्टी झाली आणि खिडकीतून मला दिसलं, की शेजारच्या बागेत कात्री घेऊन उभा असलेला एक उंच, वाळकुडा गोरा माणूस दोन्ही हात डोक्यावर घेऊन धाडकन जमिनीवर पडला. मी लाटणं हातात घेऊनच धावले. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला लाटण्याचा काय उपयोग, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

मी कुंपणापाशी पोचेपर्यंत ते उठून उभे होते. गुडघ्यांची माती झटकली, पडलेली हॅट उचलून डोक्यावर ठेवली आणि लगेच ती पुन्हा काढून मला म्हणाले, "गुड मॉर्निंग. तुमच्या घरात इंजिन आहे का?"

"कुकर आहे," मी म्हटलं. "प्रेशर कुकर. भातासाठी."

"अस्सं. आणि ते किती वेळा किंचाळतं?"

"डाळ जून असेल तर जास्त."

त्यांनी मान डोलावली. माझं बोडस हे आडनाव त्यांना झेपलं नाही, म्हणून त्या दिवसापासून मी 'मिसेस बी' झाले. ते बोलायचे इंग्रजीत. मी ते इथे माझ्या मराठीत सांगते आहे, कारण तेव्हा मला त्यांचं इंग्रजी अर्धंच कळायचं आणि उरलेलं अर्धं मी मराठीतच भरून घ्यायचे.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी नात इरा. ती ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या ऑफिसात जाते, आणि घरी आली की सोफ्यावर पाय घेऊन टीव्हीवर एक मालिका बघते. महायुद्ध संपल्यानंतरचं इंग्लंड, आणि युद्धातून मन मोडून परत आलेला एक डिटेक्टिव्ह. तो रात्री घामाघूम होऊन उठतो आणि सकाळी खुनी पकडतो. परवा म्हणाली, "आजी, किती ट्रॉमा आहे ना त्याला! तुझ्या वेळी असे लोक खरे होते?"

"होते ना," मी म्हटलं. "माझ्या भिंतीपलीकडेच एक होते. फक्त ते खुनी पकडत नव्हते. लँगलीला उतरत होते."

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते लिहून ठेवलेलं बरं. मालिका तिला नीट समजते, माझ्या गोष्टी ती अर्ध्यावर फोन बघत ऐकते.

आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत होती. कुकरच्या प्रसंगानंतर माझ्या नवऱ्याने, श्रीधरने, फर्मान काढलं, "तू कुकर लावू नकोस. म्हातारा मरेल एखाद्या दिवशी आणि आपला व्हिसा जाईल." ते म्हातारे नव्हते, साठीच्याही अलीकडचे होते, पण आम्हाला तेव्हा चाळिशीपुढचा प्रत्येक जण म्हातारा वाटायचा. मी कुकर सोडला नाही. त्याऐवजी शिट्टी व्हायच्या बेतात आली की लाटण्याने भिंतीवर टकटक करायला लागले. पलीकडून उत्तरादाखल टकटक यायची. कधीकधी त्याबरोबर काहीतरी पुटपुटल्याचा आवाजही यायचा, एका सुरात, रामरक्षा म्हणावी तसा. मला वाटायचं, प्रार्थना.

विलक्स साहेब निवृत्त डिटेक्टिव्ह आहेत, हे मला गल्लीतल्या दुधवाल्याने सांगितलं, आणि त्या दिवशी माझं जेवणावरचं लक्ष उडालं. खराखुरा डिटेक्टिव्ह! तोही शेजारी! मी लगोलग पोहे करून घेऊन गेले. त्यांनी आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर पोहे पक्ष्यांना घातलेले. पक्ष्यांनीही ते तसेच टाकून दिले होते.

"माझ्याकडे बघून काहीतरी ओळखा ना," मी एकदा कुंपणावरून म्हटलं.

त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. "तुम्हाला थंडी वाजते आहे."

"कसं ओळखलंत?"

"दात वाजताहेत, मिसेस बी." मग आत जाता जाता वळून म्हणाले, "आधी बघायचं. अंदाज मागाहून." हे त्यांचं पेटंट वाक्य. मी ते मनावर घेतलं असतं तर पुढची सगळी फजिती टळली असती.

त्यांचं घर मी आतून पाहिलं ते एकदाच, तेही दारातून. बसायच्या खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली. सगळ्या दारांच्या कडांना जाड लोकरी कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, दार आपटलं तरी आवाज होऊ नये म्हणून. पुढे त्यांनी आमच्याही दारांना तशा लावून दिल्या. ते चहा उभ्याने प्यायचे, आणि उभ्याने म्हणजे एका जागी नव्हे, बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत. कपात चहा कमी आणि बशीत जास्त. गल्लीतल्या प्रत्येक फाटकाच्या बिजागरीला ते तेल घालत फिरायचे. स्वस्थ बसलेले मला ते आठवतच नाहीत.

पण माझ्या रहस्यकथांनी पोसलेल्या डोक्याने वेगळंच हेरलं होतं. पहिला पुरावा: त्यांच्या खुंटीवर बायकी कोट लटकत होता, आणि घरात बाई नव्हती. दुसरा पुरावा: बागेच्या टोकाला, झुडपाआड, त्यांनी एक खड्डा खणलेला होता. माणूस मावेल एवढा. पाऊस पडून त्याच्या कडा ढासळल्या की ते कुदळ घेऊन पुन्हा नीट करायचे. तिसरा पुरावा: दर शनिवारी सूट घालून, बूट चकचकीत करून, डोक्यावर हॅट ठेवून ते स्टेशनकडे जायचे आणि तासाभरात परत यायचे. चेहरा असा, जणू कुणाला तरी पोचवून आलेत.

"बायकोला मारलंय," मी श्रीधरला सांगितलं.

"कुणाच्या?"

"स्वतःच्या! कोट आहे, बाई नाही. खड्डा आहे."

"अगं, बटाटे लावत असेल तो."

"बटाट्याला एवढा खोल खड्डा?"

"मोठे असतात इथले," श्रीधर म्हणाला आणि कुशीवर वळला. संसारात त्या माणसाने मला एवढंच शिकवलं, की कुशीवर वळून झोपता येतं.

एका शनिवारी मी पाठलाग केला. गुप्तपणे. म्हणजे माझ्याकडे थंडीचा कोट एकच होता, लालभडक, आणि त्याखाली पोपटी साडी. संपूर्ण स्लाऊ स्टेशनवर माझ्याएवढं ठळक दुसरं काही नव्हतं, सिग्नलसुद्धा नाही. ते लंडनच्या बाजूच्या गाडीत चढले, मी मागच्या डब्यात चढले. पहिलंच स्टेशन लँगली. तिथे विलक्स साहेब उतरले, पूल ओलांडून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेले आणि परतीच्या गाडीची वाट बघत फेऱ्या मारायला लागले. न कुणाला भेटले, न कुणाशी बोलले. मी एका खांबाआड उभी होते. खांब बारीक होता.

गाडी आली तेव्हा त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि हॅट उचलली. "चला, मिसेस बी. आज गार आहे."

परतीच्या वाटेवर मी लाजेने खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी राहवेना. "तुम्हाला जायचं कुठे असतं?"

"मँचेस्टर," ते म्हणाले.

"मग लँगलीला का उतरता?"

त्यांनी एका हाताने दुसरा मांडीवर दाबून धरला. "कारण पुढचं स्टेशन येईपर्यंत मला धीर पुरत नाही," ते म्हणाले. आणि स्लाऊ आल्यावर पुन्हा हॅट उचलून माझ्या दहा पावलं पुढे चालत घरी गेले.

मी श्रीधरला सांगितलं, "प्रेत मँचेस्टरला आहे."

त्या वर्षी दिवाळी आणि इथली बॉनफायर नाइट, म्हणजे होळ्या पेटवून फटाके उडवायची रात्र, एकाच आठवड्यात आल्या. आमचा आनंद गगनात मावेना. एरवी दिवाळीला फटाके मिळायची मारामार, आणि त्या आठवड्यात पेपरवाल्याच्या दुकानातसुद्धा बाणांच्या पेट्या! स्लाऊमधली आमच्या ओळखीची सगळी मराठी कुटुंबं माझ्याकडे जमली. चकल्या झाल्या, करंज्या झाल्या, आणि अंधार पडताच सगळे मागच्या बागेत. देशाबाहेरची पहिली दिवाळी, तेव्हा आवाज पार पुण्यापर्यंत जायला हवा अशा ईर्ष्येने आम्ही फटाके लावत होतो. कुकरसाठी भिंत वाजवणाऱ्या मला एवढं साधं सुचू नये? पण कुकर हा माझा होता, बॉनफायर नाइट त्यांची स्वतःची. मला वाटलं, आज सगळं इंग्लंडच फटाके उडवतंय, मग त्यांना काय त्याचं!

एक बाण फुटला आणि त्या उजेडात मला कुंपणापलीकडे, त्या खड्ड्यात, काहीतरी हललेलं दिसलं. रहस्यकथेतली मुलगी लगेच जागी झाली. मी टॉर्च घेतली, नवं रेशमी लुगडं खोचलं आणि कुंपण ओलांडलं. आज रंगेहाथ पकडायचं!

खड्ड्यात विलक्स साहेब बसले होते. सूट घातलेला, गुडघे छातीशी, दोन्ही हात डोक्यावर, डोळे मिटलेले. आणि तोंडाने तेच, भिंतीपलीकडून ऐकू यायचं ते. आता मला शब्द कळले. "स्लाऊ. लँगली. आयव्हर. वेस्ट ड्रेटन. हेझ. साउथहॉल. हॅनवेल." स्टेशनांची नावं होती. पॅडिंग्टनपर्यंत जायचे आणि पुन्हा स्लाऊपासून सुरू करायचे.

मी माझ्या बागेकडे तोंड करून इतक्या जोरात ओरडले, "थांबवा! सगळं थांबवा!" की कुणीतरी पेटलं असं समजून श्रीधर बादली घेऊन धावला. आमच्या बागेतले फटाके थांबले, पण गावातले कसे थांबणार? चारी बाजूंनी धडाड्धूम चालूच. मग मला दुसरं काही सुचेना. मी रेशमी लुगड्यानिशी त्या खड्ड्यात उतरले आणि त्यांच्या शेजारी बसले. काय बोलायचं माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्याबरोबर नावं म्हणायला लागले. वेस्ट ड्रेटन मला नीट म्हणता येईना. ते मध्येच थांबून ते दुरुस्त करायचे आणि पुढे जायचे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कुंपणावर टकटक झाली. त्यांच्या हातात माझी कोल्हापुरी चप्पल होती. खड्ड्यात राहिलेली. धुतलेली, वाळवलेली, आणि वर काळं बूट पॉलिश लावून अशी चमकवलेली की तिच्यात तोंड दिसावं. चप्पल त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मिसेस बी, आजवर खड्ड्यात माझ्या शेजारी दुसरं एकच माणूस बसलंय. त्याच्याबद्दल तुम्हाला सांगायला हवं."

"बसा ना," मी म्हटलं. ते बसले नाहीत. येरझाऱ्या घालतच सांगितलं, आणि मी कुंपणाला धरून ऐकलं.

ते इटलीतल्या लढाईतून परत आले आणि पोलिसात लागले. हुशार होते, लवकर डिटेक्टिव्ह झाले. इथून जवळच्याच एका खेड्यात नेमणूक होती. युद्धानंतरची बॉनफायर नाइट. लोक कितीतरी वर्षांनी फटाके उडवत होते, पोरं नाचत होती. पहिला बाण सुटला आणि विलक्स साहेब धावत सुटले. गावाबाहेर रेल्वेच्या कडेने एक चर होता, त्यात त्यांनी उडी टाकली. तिथे आधीच कुणीतरी होतं. काळोखात चेहरा दिसला नाही. दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला, आणि सगळं शांत होईपर्यंत तसेच पडून राहिले. विलक्स साहेबांचे वडील रेल्वेत गार्ड होते. लहानपणी त्यांच्याकडून पाठ झालेली स्टेशनं ते म्हणत राहिले. दुसरा माणूस काही बोलला नाही. त्याचं एक बोट अर्धं तुटलेलं होतं, एवढं हाताला कळलं. गावाकडे आभाळ लाल झालेलं त्यांना दिसलं. त्यांना वाटलं, होळी पेटलीय.

पण पेटला होता एका शेतकऱ्याचा गोठा. आत झोपलेला, घोडी सांभाळणारा म्हातारा नोकर जळून गेला.

"दोन दिवसांनी आम्ही लेन नावाच्या शेतमजुराला पकडलं. तोही युद्धावरून आलेला. मालकाशी त्याचं भांडण झालं होतं, आणि त्या रात्री कुठे होतास, हे तो सांगायला तयार नव्हता. जबाब घ्यायला मी बसलो. त्याने टेबलावर हात ठेवला, मिसेस बी. अर्धं बोट नव्हतं."

मी कुंपण आणखी घट्ट धरलं.

"त्याच वेळी बाहेर कुणीतरी दार आपटलं आणि माझ्या तोंडून नावं निघाली. हळू, अगदी हळू. स्लाऊ, लँगली. लेनने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याने ओळखलं की नाही, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. तो काहीच बोलला नाही, आणि मीही नाही."

"पण का?"

"फटाक्यांना भिऊन चरात लपणारा डिटेक्टिव्ह? दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला. वेड्यांच्या इस्पितळातही पाठवलं असतं. मी वरिष्ठांना सांगायला निघालो होतो. त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. खटला चालू असताना कोर्टाच्या दारापर्यंत गेलो, परत फिरलो. लेन कैक वर्षं तुरुंगात राहिला. त्याची बहीण डोरा आमच्या ठाण्यावर आली होती. म्हणाली, भावाने फक्त मला सांगितलंय, तो त्या रात्री चरात होता आणि एकटा नव्हता, त्या दुसऱ्या माणसाला शोधा. तिची समजूत घालून तिला बाहेर नेऊन सोडणारा अधिकारी मीच."

लेन सुटला, बहिणीकडे मँचेस्टरला राहिला आणि काही वर्षांपूर्वी वारला. लोकांच्या लेखी तो म्हाताऱ्याला जाळणाराच राहिला. डोरा आता एकटी होती. दर शनिवारी विलक्स साहेब तिला सांगायला निघत आणि लँगलीला उतरत.

"आणि तो कोट?" मी विचारलं. एवढं सगळं ऐकून हा प्रश्न! पण तेवीस वर्षांच्या मुलीला कोट विसरवत नव्हता.

"आईचा. अंथरुणात गेली. म्हातारपणाने," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू आलं. "तुमच्या खुनाच्या तपासाला मी मदत करू शकलो नाही, मिसेस बी. माफ करा."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मला कुकरमध्ये जाऊन बसावंसं वाटलं.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या आधी तयार होऊन दारात उभी होते. तोच लाल कोट. हातात थालीपिठांचा डबा.

"तुम्ही कुठे?" त्यांनी विचारलं.

"मँचेस्टर. मला बघायचंय."

"तिथे बघण्यासारखं काही नाही."

"मग आपण दोघं मिळून ते बघू."

गाडी सुटली तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. लँगलीचा प्लॅटफॉर्म दिसायला लागला आणि ते उठायच्या बेतात आले. मी डबा उघडला आणि त्यांच्या मांडीवर ठेवून दिला, त्यांच्या एकुलत्या एका चांगल्या सुटावर.

"हलू नका हं! लोणच्याचं तेल गळतंय. सूट जाईल."

इंग्रज माणूस काय वाटेल ते सोसेल, पण सुटावर डाग? ते हात वर करून पुतळ्यासारखे बसले. लँगली आलं. दार उघडलं, मिटलं. गाडी निघाली. खिडकीतून मागे सरकणाऱ्या प्लॅटफॉर्मकडे त्यांनी असं पाहिलं, की मला वाटलं आता हा माणूस रडेल. मग हळूच म्हणाले, "आयव्हर." आणि खरंच आयव्हर आलं.

पॅडिंग्टनपर्यंत ते प्रत्येक नाव स्टेशनाआधी म्हणत गेले. पुढे लंडन ओलांडून मँचेस्टरची गाडी पकडली. त्या रुळांवरची स्टेशनं त्यांना पाठ नव्हती. ते पूर्ण वेळ डब्याच्या मधल्या वाटेत फेऱ्या मारत होते, आणि तिकीट तपासनीस दरवेळी त्यांना वळसा घालून जात होता.

डोराचं घर आमच्यासारखंच, रांगेतलं, लाल विटांचं. विलक्स साहेब फाटकाशी थांबले. बिजागरी कुरकुरली. त्यांनी सवयीने खिशात तेलाची कुपी चाचपली. मग वळले. तर मागे मी उभी, डबा घेऊन, फाटक अडवून. चांगली रुंद होते मी तेव्हाही.

"मिसेस बी, बाजूला व्हा."

"नाही होणार."

"मला सांगता येणार नाही."

"मग नका सांगू. पण घंटी वाजवा."

त्यांनी घंटी वाजवली. दार उघडलं. बुटकी, ठसठशीत बाई, केसांत रोलर, अंगात फुलाफुलांचा एप्रन. विलक्स साहेबांनी हॅट काढली. तोंड उघडलं. मिटलं. हॅट त्यांच्या हातात गरगर फिरत होती.

"काय विकताय?" बाई म्हणाली. "नकोय मला."

ती दार लावायला लागली आणि विलक्स साहेबांनी डोळे मिटून घेतले. "स्लाऊ," ते म्हणाले. "लँगली. आयव्हर. वेस्ट ड्रेटन."

दार अर्ध्यावर थांबलं. बाईने चौकटीला धरलं. रस्त्यावरून एक बस गेली. ती गेल्यावर बाई म्हणाली, "हेझ."

"साउथहॉल," विलक्स साहेब म्हणाले.

"हॅनवेल," बाई म्हणाली, आणि तिने दोन्ही मुठी त्यांच्या छातीवर आपटल्या. एकदा, मग पुन्हा. ते हलले नाहीत. "लेनने मरताना म्हटलेलं हे. माझा जबाब घेणाऱ्या साहेबानेच त्या रात्री चरात ही नावं म्हटली होती, म्हणाला. जन्मभर माझ्यापासून लपवलं त्याने. वर म्हणाला, डोरा, तो येईल, त्याला वेळ लागतो." मग तिने मान वर करून त्यांचा चेहरा नीट पाहिला. "आणि मला हाताला धरून ठाण्याबाहेर काढलं होतंत ते तुम्हीच. मिशी होती तेव्हा."

"हो," विलक्स साहेब म्हणाले. "मीच."

मला वाटलं, आता ती त्यांना आत बोलावेल, चहा करेल. इंग्लंडात सगळ्यावर चहा करतात. पण डोराने एप्रन काढून खुंटीला फेकला. रोलर तसेच ठेवून वर स्कार्फ बांधला. "हॅट घाला," ती म्हणाली. "आत येऊ नका. एकदा खुर्चीत बसलात तर तुमचा विचार बदलेल. आत्ताच्या आत्ता पोलिसांकडे चला." मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "ही कोण?"

"माझी शेजारीण," विलक्स साहेब म्हणाले. "हिने आणलं मला."

"बरं केलंस, पोरी," डोरा म्हणाली, आणि माझ्या हातातल्या डब्यातलं एक थालीपीठ उचलून चालायला लागली.

पुढचं सांगायचं तर, जबाब झाला. लेनचं नाव धुऊन निघायला चांगलाच वेळ गेला, कारण कागद हलायला सगळीकडे वेळ लागतो, पण निघालं. विलक्स साहेबांबद्दल लोक काय काय बोलले तेही माझ्या कानावर आलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. स्लाऊला ते परतलेच नाहीत; इथलं घर तिथूनच विकून डोराच्या गल्लीत एका खोलीत राहायला लागले आणि तिथेच काही वर्षांनी वारले. आमच्या शेजारी दुसरं कुटुंब आलं, त्यांचाही कुकर होता, आणि भिंत वाजवायची सवय जाईपर्यंत त्या बिचाऱ्यांना वाटत राहिलं, की मी भांडण उकरून काढतेय.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच. मला गाडीची वेळ गाठायची होती, म्हणून मी स्टेशनकडे जाणाऱ्या बसमध्ये वरच्या मजल्यावर बसले. बस वळली आणि खाली फुटपाथवर ती दोघं दिसली. डोरा पुढे, तरातरा, स्कार्फखालून रोलर डोकावताहेत. विलक्स साहेब तिच्या मागे, हॅट नीट बसवलेली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मोटारसायकलने बंदूक उडावी तसा फाडकन आवाज केला. माझ्या बसमधलीसुद्धा माणसं दचकली.

विलक्स साहेबांचे दोन्ही हात डोक्याकडे गेले. गुडघे वाकले. मी काचेवर हात आपटला, जणू तिथून मी त्यांना धरणारच होते.

डोराने मागे वळून त्यांची बाही पकडली. ती थांबली नाही, बाही धरून फक्त चालत राहिली, आणि ते अर्धवट वाकलेले तिच्यामागे ओढले गेले. चार पावलं, आणखी चार. मग हळूहळू सरळ झाले. बस पुढे जात होती, मी मान वळवून बघत होते. दोघांचेही ओठ हलत होते, एका तालात. मला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण मला पक्कं माहीत आहे, लँगली मागे पडलं होतं.